खालांनी तांदूळ निवडणं का सोडलं?

आमच्या शेजारच्या खाला वर्षानुवर्षं सकाळी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडायच्या. गेल्या वर्षी त्यांनी हे काम सुनेवर सोपवलं. पुढे कुरआन शरीफची तिलावतही बंद झाली, पाठ असलेल्या सूरा तेवढ्या पुटपुटायच्या. आम्हाला वाटलं, वय झालं. एक दिवस चहाचा कप बशीत ठेवायला गेल्या आणि तो खाली पडला, तेव्हा उलगडा झाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"आधी का नाही सांगितलंत?" आम्ही विचारलं.

"पोरगा रिक्षा चालवून घर ओढतो. त्याच्या डोक्यावर आणखी हे कशाला?"

मुलाने आदल्याच वर्षी आरोग्य विमा काढला होता. तो हौसेने कागद घेऊन आला. आत लिहिलेलं होतं, मोतीबिंदूसाठी दोन वर्षं थांबावं लागेल. पुष्कळ पॉलिसींत ही अट असते. मुदत संपली तरी एका डोळ्यामागे ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात. विमा काढताना ही ओळ आपण वाचत नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. थेंब, सुरमा, मध यांपैकी कशानेही ते पुन्हा स्वच्छ होत नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणं हाच इलाज. डोळा बधिर करून केलेलं हे ऑपरेशन बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आटोपतं. "पूर्ण पिकू द्या, मग बघू" ही समजूत जुनी आहे. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब वाढतो, डोळा ठणकतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

पैसे नसणाऱ्यांसाठी आपल्या देशात याचं मोठं काम झालं आहे. 1976 साली केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय उघडलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी हजारो डोळे उघडले. हिशेब साधा होता. ज्यांना परवडतं त्यांनी पैसे द्यावेत, आणि त्यातून गरिबांची ऑपरेशनं मोफत व्हावीत. डॉक्टर एका टेबलावर काम करत असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो, त्यामुळे वेळ वाया जात नाही आणि खर्च उतरतो. परदेशी भिंग महाग पडत होतं, म्हणून 1992 साली त्यांनी अरोलॅब काढून मदुराईतच भिंगं बनवायला घेतली. किंमत कितीतरी पटींनी खाली आली.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. तात्याराव लहाने यांनी गावोगावच्या आणि आनंदवनातल्या शिबिरांतून हेच काम केलं. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मोफत म्हटलं की माणसं येतातच असं नाही. दक्षिण भारतातल्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत, डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभरांतली सात माणसंही शिबिराला गेली नव्हती. ऑपरेशनची भीती, गाडीभाडं, बुडणारी मजुरी आणि सोबतीला कोणी नसणं ही कारणं होती. खालांचीही हीच होती.

मग शाळेतल्या आम्ही दोघी-तिघींनी दिवस वाटून घेतले. आमच्या जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं. साखर आणि रक्तदाब तपासला. साखर वाढलेली निघाली, म्हणून दोन आठवडे थांबावं लागलं. त्या दिवसांत खालांनी तीनदा बेत रद्द केला. चौथ्या वेळी सून म्हणाली, "अम्मी, तुम्ही नाही गेलात तर मीही जेवणार नाही." मग निघाल्या.

ऑपरेशननंतरची काळजी महत्त्वाची. थेंब काही आठवडे वेळेवर घालायचे, आधी हात साबणाने धुवायचे. डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. वुजू आणि सजद्याचं कसं करायचं, हे घरी येण्याआधीच विचारून घ्या. खालांना डॉक्टरांनी काही दिवस वाकायला मनाई केली होती. मौलानांनी सांगितलं, तोवर खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करा. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

पट्टी निघाल्यावर आठवड्याभराने खालांनी सूप मागवलं. तांदळात बोट फिरवत सुनेकडे पाहून म्हणाल्या, "इतके खडे खाऊ घालत होतीस आम्हाला?" सून हसता हसता रडली. दुसरा डोळा अजून व्हायचा आहे.

वाचकहो, घरातल्या बुजुर्गांनी एखादं रोजचं काम अचानक सोडलं असेल, तर वयाच्या नावावर टाकू नका. जवळ बसा, कारण विचारा. ज्यांना सदका द्यायचा आहे त्यांनी पैशांबरोबर एक दिवसही द्यावा. गाडीभाड्याचे पैसे मोहल्ल्यात जमतात, हात धरून नेणारं माणूस मात्र शोधावं लागतं.