पणजोबांची भावंडे मोजा

"आमचे पणजोबा एकही लस न टोचता ऐंशी वर्षे जगले, मग बाळाला कशाला?" असे पालक विचारतात, तेव्हा पणजोबांची किती भावंडे लहानपणी दगावली, हे मी विचारतो. एक भाऊ जन्मताच गेला, दुसरा ऐंशीव्या वर्षी, तर सरासरी चाळीस. चाळिशीत मात्र कुणीच गेले नाही!

धूमकेतूवाल्या एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेस्लाउ, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या शहराच्या, जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोष्टक मांडले. वर्षाला जन्मणाऱ्या १२३८ बालकांपैकी ३४८ पहिल्याच वर्षात जात. सहा वर्षे पुरी करीत अवघी ६९२. आकडे वाचताना आजही पोटात कालवते.

१८२५ मध्ये गॉम्पर्ट्झ यांनी दाखविले, की प्रौढपणी मृत्यूचा धोका चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. मेकहॅम यांनी १८६० मध्ये त्यात वयाशी संबंध नसलेला धोका मिळविला. बालमृत्यू मात्र या सूत्रात बसेना. प्राण्यांचा अभ्यास करताना सायलर यांनी १९७९ मध्ये त्यासाठी वेगळे पद जोडले: जन्मावेळी मोठे, मग झपाट्याने उतरणारे. जुन्या काळची सरासरी मुख्यतः यानेच खाली ओढली. लस, शुद्ध पाणी आणि स्वच्छ बाळंतपण यांचा घाव नेमका याच पदावर बसतो. म्हातारपणीचे चक्रवाढ व्याज त्यांनी फारसे घटत नाही.