काडतुसाची लांबी कुठून मोजायची?

‘७.६२ × ५१’ या नावातला ५१ हा आकडा पूर्ण काडतुसाचा नव्हे, नुसत्या पितळी पुंगळीचा. भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत बनणाऱ्या या काडतुसाची गोळीसकट कमाल लांबी सुमारे ७१ मिलिमीटर असते. सारी गोम त्या वरच्या विसात आहे.

वापरलेली पुंगळी पुन्हा भरणारे परदेशी नेमबाज इथेच अडखळतात. गोळी फार बाहेर राहिली, तर काडतूस मॅगझीनमध्ये मावत नाही. मावलेच, तर गोळी नळीतल्या पेचदार खाचांना आधीच टेकते, तिला सुरुवातीची मोकळी धाव मिळत नाही आणि दाब चढतो. खोल बसवली, तर पुंगळीतली जागा आक्रसते. तेव्हाही दाब वाढू शकतो.

आमच्या सक्करदऱ्यातला सराफ बांगडी मोजतो, तसल्याच व्हर्नियरने ही लांबी मोजतात. पण टोकापासूनचे माप मला अपुरे वाटते. खाचांना आधी भिडते ते टोक नव्हे, तर मागचा गोलावा, आणि तो प्रत्येक घाटाच्या गोळीत निराळ्या जागी येतो. पुस्तकातला आकडा चाचणीतल्या नळीचा आणि गोळीचा असतो.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.