बालकाचा श्वास मोजावा

थंडी पडू लागली की घरोघरी मुलांना खोकला-पडसे सुरू होते. यांतील बहुतेक दुखणी औषधावाचूनच बरी होतात. तथापि एखादे वेळी त्यांच्याच आड न्युमोनिया दडलेला असतो, आणि दोन-तीन दिवसांत मूल हातचे जाते. साधे पडसे कोणते व प्राणघातक दुखणे कोणते, हे जवळपास डॉक्टर नसताना आईबापांनी कसे ओळखावे?

न्युमोनियात फुप्फुसाच्या वायुकोशांत द्रव साचतो. रक्ताला प्राणवायू कमी पडतो व ती उणीव भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेऊ लागते. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे डॉ. फ्रँक शान व त्यांचे सहकारी यांनी खोकणाऱ्या मुलांची पाहणी करून १९८४ साली असे मांडले की, श्वासाची गती मोजली असता स्टेथोस्कोपवाचूनही न्युमोनियाचा संशय धरता येतो.

या ज्ञानाचा मोठा पडताळा महाराष्ट्रातच आला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ५८ गावांतील आरोग्यसेवक व सुइणी यांना श्वास मोजण्यास आणि को-ट्रायमोक्साझोल हे औषध देण्यास शिकविले. एका वर्षात ६१२ आजारी मुलांवर असे उपचार झाले. त्यांतील शेकडा एकाहूनही कमी दगावली. ही सोय नसलेल्या ४४ गावांत हेच प्रमाण शेकडा साडेतेरा होते. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तांत छापून आला. ज्यांना मोजता येत नसे त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचे साधन केले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा.

आमच्या वाचकांनी हे आकडे ध्यानी ठेवावेत. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बालकास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास लागत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, अंगावर न पिणे, झटके येणे किंवा मूल निपचित पडणे, ही लक्षणे दिसल्यास एक घटकाही दवडू नये. दोन महिन्यांच्या आतील मुलास तर थेट इस्पितळातच न्यावे.

काही ठिकाणी अशा मुलाच्या पोटावर अजून डाग देतात. त्याने रोग हटत नाही. जखम मात्र होते व मोलाचा वेळ जातो. उलट, साध्या पडशाला दुकानातून प्रतिजैविके आणून देणेही तितकेच अनिष्ट होय. सर्दीचे विषाणू त्यांनी मरत नाहीत, आणि गरजेच्या वेळी ती औषधे निरुपयोगी ठरू लागतात. २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या न्युमोनियावर प्रथम अमॉक्सिसिलिनची शिफारस केली आहे; परंतु मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

प्रतिबंधाचे उपायही हाताशी आहेत. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, तान्ह्याला चुलीच्या धुरापासून दूर ठेवावे. न्युमोकोकल लस २०१७ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात विनामूल्य मिळते.

मिनिटाचा काटा दाखविणारे घड्याळ आज बहुतेक घरी आहे. आईने, आजीने, थोरल्या बहिणीनेही श्वास मोजण्यास शिकावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.