शिओल, पुनरुत्थान आणि मलिदा
प्राचीन हिब्रू ग्रंथांच्या जुन्या थरात स्वर्ग-नरकाची वाटणी नाही. सज्जन असो वा दुर्जन, मृत्यूनंतर प्रत्येक जण ‘शिओल’ या अंधाऱ्या, निःशब्द अधोलोकात उतरतो आणि ईश्वरी फळ याच जन्मी, दीर्घायुष्य, संतती व भरल्या शेताच्या रूपाने मिळते. म्हणूनच हिब्रू ग्रंथांतील निरपराध ईयोबाचे दुःख इतके जिव्हारी लागते. पुनरुत्थान, म्हणजे मृतांचे पुन्हा उठणे, स्पष्टपणे येते ते दानिएलाच्या ग्रंथात, जो अभ्यासक इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला मानतात. याच ग्रंथपरंपरेतून कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने विशेष जिव्हाळ्याने जपला तो मरण न पावता सदेह स्वर्गात गेलेला संदेष्टा एलियाहू. त्याच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ व ओले खोबरे यांचा ‘मलिदा’ फळांसह मांडला जातो आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या रथाच्या खुणा श्रद्धेने दाखवल्या जातात.