कंपनीच्या जहाजावरील भोजनप्रसंग

ज्या १८१८ साली पेशवाईचा अस्त झाला, त्याच साली जॉर्ज क्रुकशँक या इंग्रज चित्रकाराचे एक अम्लरेखन लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील एक जहाज लाटेच्या तडाख्याने एकाएकी कलले आहे, आणि क्षणापूर्वी आपापल्या हुद्द्याच्या इतमामाने मेजाभोवती बसलेली प्रतिष्ठित मंडळी खुर्च्या-भांड्यांसह एकमेकांवर कोसळत आहेत. मूळ रेखाटन फ्रेडरिक मॅरियट या आरमारी अधिकाऱ्याचे, जो पुढे कादंबरीकार म्हणून ख्यातनाम झाला. समुद्र अंगवळणी पडलेल्या माणसाची ती नजर असल्यामुळे चित्रातील अतिशयोक्तीही खोटी वाटत नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावा, सुईने त्यावर रेघा ओढाव्यात, आणि पत्रा आम्लात ठेवला म्हणजे उघड्या पडलेल्या रेघाच तेवढ्या खोदल्या जातात, अशी ही अम्लरेखनाची रीत. लेपावरून सुई लेखणीसारखी मोकळी फिरते, म्हणूनच त्या धांदलीची सारी गती रेषेत उतरू शकली.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या अशा जहाजांच्या प्रवासाला चार-सहा महिने सहज लागत. कोठडी बहुधा रिकामीच मिळे. खाट, मेज, पेटारे हा सरंजाम उतारूने स्वतः आणून दोरांनी जखडून ठेवायचा, आणि दुधामांसासाठी शेळ्यामेंढ्या, कोंबड्याही जहाजावरच बाळगल्या जात.

शहाजीराजांच्या जहागिरीतल्या बेंगळूरला समुद्र नाही, तरी हे चित्र बेंगळूरकराला परके नव्हे. कारण १८०९ च्या सुमारास श्रीरंगपट्टणची फौज हलवून इंग्रजांनी येथे छावणी वसवली, आणि तिच्यातील गोऱ्या पलटणी याच जलमार्गाने येऊ लागल्या. मद्रासला तेव्हा बंदर नव्हते. जहाज दूरवर नांगरे, आणि खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवलेल्या मसुला होड्यांतून फेसाळत्या लाटा ओलांडून माणसे किनारा गाठीत. तेथून बेंगळूरपर्यंत खुष्कीची दीर्घ मजल असे. रेल्वे छावणीत पोहोचली ती १८६४ साली.

परंतु ज्यांच्या बळावर छावणी उभी राहिली ते साधे शिपाई या चित्रात नाहीत. कप्तानाच्या मेजाशी त्यांना स्थान नव्हते. खालच्या मजल्यावर, तोफांच्या शेजारी, झोल्यांत दाटीवाटीने निजून त्यांनी हाच समुद्र ओलांडला. मॅरियट-क्रुकशँकांचे कौशल्य थोर खरे, पण त्यांचे जहाज मला अर्धेच वाटते. उरलेले अर्धे पत्रांत, रोजनिशांत आणि पलटणींच्या दप्तरांत शोधावे लागेल. बेंगळूरच्या छावणीतील ज्या जुन्या घरांत असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता कर्नाटक राज्याच्या पुराभिलेखागारात अवश्य दाखवावेत.