गो-कार्टवर बसण्याआधी वेणी बांधा, ओढणी काढा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की एरंडोल, पारोळा, धरणगावकडची मंडळी गाडी काढून फिरायला निघतात. पूर्वी पद्मालयाचा गणपती, फरकांड्याचे झुलते मनोरे आणि फार तर सप्तशृंगी-शिर्डी एवढ्यावर मुलांचे समाधान होत असे. आता लोणावळा, महाबळेश्वर, गोवा अशी यादी निघते आणि तिथे गेल्यावर मुलांना हमखास बसायचे असते ते गो-कार्टमध्ये. जमिनीला चिकटून पळणारी, छत नसलेली, चार छोट्या चाकांची ही गाडी चालवायला परवाना लागत नाही. उजव्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक, झाले. गिअर नाही, क्लच नाही. त्यामुळे ती खेळण्यातली गाडी वाटते.

ती खेळणे नाही. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स यांनी पहिली गो-कार्ट बनवली, तेव्हा तिला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले होते. आपल्याकडे कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. अशा स्पर्धेतली मुले नीट पाहा. अंगभर जाड सूट, हातमोजे, घोट्यापर्यंत बूट, तोंड झाकणारे हेल्मेट, हेल्मेटखाली कापडी टोपडे आणि फासळ्यांना जपणारे जाकीट. तिकीट काढून बसणारे आपण मात्र सलवार-कमीज, गळ्यात ओढणी, पायात चप्पल आणि फोटोसाठी मोकळे सोडलेले केस अशा थाटात बसतो.

भीती एकाची, घात दुसऱ्याचा

पालक मला विचारतात, “डॉक्टरसाहेब, गाडी उलटणार तर नाही ना?” ही भीती रास्त आहे, पण गो-कार्टचा गुरुत्वमध्य फार खाली असल्याने सपाट ट्रॅकवर ती सहसा उलटत नाही. जीव गेले आहेत ते वेगळ्याच कारणाने. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या एका मनोरंजन उद्यानात पतीसोबत गो-कार्टमध्ये बसलेल्या तरुणीचे केस चाकात अडकले आणि तिचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादजवळच्या गुर्रमगुडा येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तेच घडले. केस चाकात गेले, हेल्मेट असूनही डोक्याला जबर मार बसला आणि ती वाचली नाही. दोन्ही वेळा कारण एकच होते: लांब केस आणि उघडे फिरणारे चाक.

खानदेशात हे कारण समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. मळणीच्या हंगामात यंत्राच्या पट्ट्यात पदर किंवा वेणी गेली म्हणजे काय होते, हे गावोगावी ठाऊक आहे. मळणी यंत्रांसाठी केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मोटारसायकलच्या मागच्या चाकात साडीचा पदर जाणे हे तर सरकारी दवाखान्यात नेहमीचे. हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. जगप्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस शहरात उघड्या मोटारीतून निघाली, गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंडाळला गेला आणि ती तिथेच गतप्राण झाली.

एका सेकंदाचा हिशेब

गो-कार्टची मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर घट्ट बसवलेली असतात आणि तो आस बैठकीच्या अगदी मागे, जमिनीपासून वीतभरही उंच नसलेल्या जागी फिरत असतो. इंजिन आणि साखळी बैठकीशेजारी. चालणारा माणूस इतका खाली बसतो की पाठीवर सोडलेली वेणी किंवा ओढणीचे टोक आसापासून हातभरही लांब राहत नाही.

आता हिशेब करू. भाड्याच्या कार्टचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर ती सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. मागच्या चाकाचा व्यास साधारण २८ सेंटिमीटर, म्हणजे चाक आणि त्याबरोबर आस सेकंदाला बारा-साडेबारा फेरे मारतो. आस चार सेंटिमीटर जाडीचा असेल तर प्रत्येक फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर कापड गुंडाळले जाईल. सेकंदाला दीड मीटर! अर्धा मीटर लांब वेणी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपते, दोन मीटरची ओढणी सव्वा-दीड सेकंदात. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो. म्हणून “काही झाले तर लगेच थांबवू” या भरवशाला इथे अर्थ नाही. केस आणि कापड आसापर्यंत पोचणारच नाही, एवढाच उपाय.

शरीराच्या बाजूनेही हे समजून घेऊ. डोक्याची त्वचा कवटीला घट्ट चिकटलेली नसते. त्वचेच्या जाड थरांखाली एक सैल पापुद्रा असतो आणि त्यामुळेच आपल्याला डोक्याची कातडी पुढे-मागे हलवता येते. केस जोराने ओढले गेले तर केस तुटण्याआधी हा पापुद्रा सुटतो आणि भुवईपासून मानेपर्यंतची त्वचा निघून येऊ शकते. तिथल्या रक्तवाहिन्या कापल्यावर सहजी आकसत नाहीत, त्यामुळे रक्तस्राव फार होतो. ओढणीच्या बाबतीत गळा आवळला जातो, श्वासनलिका दबते, मानेचे मणके निखळू शकतात.

तिकीट काढण्याआधी

केस: नुसता पोनीटेल पुरत नाही, तो हेल्मेटखालून मागे लोंबतो. घट्ट वेणी घाला, ती वर गुंडाळून पिनांनी बसवा, त्यावर कापडी टोपडे आणि मग हेल्मेट. वेणी फार लांब असेल तर बंद गळ्याच्या जाकिटाच्या आत घालून चेन वरपर्यंत लावा. लांब केसांच्या मुलांनाही हाच नियम.

कपडे: ओढणी, स्कार्फ, गळ्यातला रुमाल, उपरणे, टोपीची लोंबणारी दोरी, सगळे काढून घरच्यांकडे द्या. ओढणी कमरेला बांधणे हा उपाय नव्हे, गाठ सुटते. साडी नेसून या गाडीत बसू नये. मंगळसूत्र व चेन कपड्याच्या आत. पायात बंद बूट, नाडीची टोके आत खोचलेली. इंजिनचा सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट बरी.

हेल्मेट: मोटारसायकलस्वारांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्के आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के कमी होतो. पण ते मापाचे हवे. पट्टा बांधून मान हलवा. हेल्मेट डोक्यावर गोल फिरत असेल तर दुसरे मागा. मुलांना मोठ्यांचे हेल्मेट घालू नका. दिवसभर अनेकांच्या घामाने भिजलेल्या हेल्मेटातून नायटा आणि उवा घरी येतात, त्यामुळे स्वतःचे सुती टोपडे न्यावे.

पट्टा: काही गाड्यांना पट्टा असतो, काहींना नसतो, आणि पालक गोंधळतात. डोक्यावर लोखंडी कमानीचा सांगाडा असेल तर पट्टा हवाच आणि तो बांधायलाच हवा. सांगाडा नसलेल्या स्पर्धेच्या धर्तीच्या कार्टला पट्टा नसतो, कारण गाडी उलटलीच तर बांधलेला माणूस तिच्याखाली सापडेल.

मूल: वयापेक्षा पाय मोजा. पाठ बैठकीला टेकलेली असताना दोन्ही पाय पेडलवर पूर्ण दाबले जायला हवेत. पाठीमागे उशी घालून भागवू नये. मांडीवर मूल घेऊन तर कधीच बसू नये. ताशी ४० किलोमीटरने टायरांच्या कठड्यावर आदळणे म्हणजे जवळपास सहा मीटर, म्हणजे दोन मजल्यांवरून पडण्याइतका वेग. तेवढ्या धक्क्यात मांडीवरचे मूल हातांनी धरून ठेवता येत नाही.

ट्रॅक: तिकीट खिडकीवर थांबून पाच मिनिटे आधीची फेरी पाहा. आसावर व साखळीवर झाकण आहे का? कठड्याला टायरांची रास आहे का? झेंडे घेऊन माणसे उभी आहेत का? त्यांच्यापैकी कोणी सुटे केस किंवा ओढणी पाहून लोकांना अडवतो का? अडवत नसतील तर पैसे गेले तरी चालतील, पण परत फिरा.

ट्रॅकवर

पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे थांबा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला जाऊ द्या. भाड्याच्या कार्टचा ब्रेक बहुधा मागच्या आसावरच चालतो, त्यामुळे वळणात शिरल्यावर जोराने दाबला की गाडी गर्रकन फिरते. ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर. गाडी बंद पडली तर उतरू नका, हात वर करून बसून राहा. हात-पाय बाहेर काढणे, मोबाइलवर चित्रीकरण, मागे वळून भावंडांना हाका मारणे हे सगळे टाळा. गाडीतून काही पडले तर ते उचलायला वाकू नका.

उघड्या ट्रॅकवर हवामानही पाहावे. पावसाने ट्रॅक ओला असेल तर नक्षी नसलेले गुळगुळीत टायर पकड सोडतात. ४४-४५ अंशांचा मे महिना आपल्याला नवा नाही, पण हेल्मेट आणि जाड जाकिटात भर दुपारी बसल्यावर चक्कर येते. सकाळी किंवा सायंकाळी जा, आधी पाणी प्या.

गरोदर स्त्रिया, मानेचा किंवा कमरेचा आजार असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, फिट्स येणारे, हृदयविकाराचे रुग्ण यांनी कठड्याबाहेरून टाळ्या वाजवाव्यात. दारू घेतलेल्याला आणि झोप आणणारे सर्दी-खोकल्याचे औषध घेतलेल्यालाही बसू देऊ नये.

अपघात झालाच तर

पहिले काम इंजिन बंद करणे. केस किंवा कापड अडकले असेल तर ओढू नका, चाक उलटे फिरवू नका, कात्रीने कापा. गळा आवळला असेल तर क्षणही न दवडता कापा. मग मान सरळ धरून ठेवा, उठवून बसवू नका. डोक्यातून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी घालून दाबून धरा आणि पाच-पाच मिनिटांनी उचलून पाहू नका. मात्र त्याखाली कवटीचे हाड खचलेले वाटले तर हलकेच झाका, जोर देऊ नका.

त्वचा वेगळी झाली असेल तर ती टाकून देऊ नका. स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. त्वचेचा बर्फाशी थेट स्पर्श होऊ देऊ नका. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडून अशी त्वचा परत बसवता येते, हे १९७६ पासून सिद्ध आहे. ही सोय मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत असते. म्हणून १०८ ला फोन करताना “केसांसह त्वचा निघाली आहे” असे स्पष्ट सांगा, म्हणजे कुठे पाठवायचे हे पहिल्याच दवाखान्यात ठरेल. तोवर रुग्णाला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

सायलेन्सरने भाजले तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

शेवटची गोष्ट परतीच्या प्रवासाची. धडक बसली, मूल रडले, पाच मिनिटांत पुन्हा खेळू लागले, की आपण विसरतो. स्टीअरिंग पोटावर आदळले असेल तर प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाची इजा काही तासांनी बोलू लागते. पोटदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, डाव्या खांद्यात दुखणे, चेहरा पांढरा पडणे, लघवीतून रक्त येणे ही तिची चिन्हे. डोक्याला मार लागला असेल तर वाढती डोकेदुखी, उलट्या, असंबद्ध बोलणे, न उठणारी झोप, एका बाजूचा अशक्तपणा किंवा फिट. यातले एकही चिन्ह दिसले तर घर गाठायची वाट पाहू नका. वाटेत जे रुग्णालय लागेल तिथे थांबा आणि धडक कशी, कुठे, किती वाजता बसली ते डॉक्टरांना सांगा. पुढचे दोन दिवस मुलावर लक्ष ठेवा.

आणि निघताना पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी चार रबरबँड, पिनांचे पाकीट आणि दोन सुती टोपडी टाका. ट्रॅकवर कोणी मागितली तर त्यांनाही द्या.