भात शेवटी येतो

जपानी जेवण म्हटलं की आपल्यापुढे येतो तो कच्चा मासा आणि दोन काड्या. पण सुशीचं दुकान निराळं आणि क्योतो शहरातलं 'काइसेकी' वाढणारं जुनं उपाहारगृह निराळं. सुशीच्या दुकानात एकटा माणूस घटकाभरात जेवून उठू शकतो. काइसेकीला मात्र चार-सहा-आठ मंडळींनी मिळून जायचं, दोन-अडीच तास बसायचं, आणि समोर काय येणार हे बहुधा स्वयंपाक्यावर सोपवायचं. रात्रीच्या जेवणाला माणशी वीस-तीस हजार येन सहज लागतात. दुपारचं त्या मानानं बरंच स्वस्त.

हा 'काइसेकी' शब्द मोठा गमतीचा आहे. उच्चार एकच, पण जपानीत तो दोन तऱ्हांनी लिहितात. एका तऱ्हेचा अर्थ होतो 'उराशी धरलेला दगड'. झेन मठातले भिक्षू भुकेवर उपाय म्हणून गरम केलेला दगड कपड्यांत पोटाशी धरत, अशी कथा सांगतात. चहाच्या विधीआधीचं साधं जेवण ते हे. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूच्या परंपरेत एक सूप आणि तीन पदार्थ एवढाच त्याचा पसारा. दुसऱ्या तऱ्हेचा अर्थ नुसता 'बैठक'. आणि ही बैठक कुणाची, तर कवींची!

हे कवी जोडकविता रचत. एकानं तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्यानं त्यांना दोन जोडायच्या, तिसऱ्यानं पुन्हा तीन. पहिल्या तीन ओळींचा मान मुख्य पाहुण्याचा आणि त्यांत चालू ऋतूची खूण हवीच. त्याला उत्तर यजमानानं द्यायचं. त्या पहिल्या तीन ओळी पुढे स्वतंत्र झाल्या आणि त्यांचा हायकू झाला. शिरीष पै यांनी मराठीत रुजवला तोच. कविता आटोपली की खाणंपिणं होई. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, खाणंपिणंच मुख्य झालं आणि कविता मागे पडली. मुशायऱ्यांचंही कधीकधी असंच होतं, पण तो विषय वेगळा.

तरी कवितेचे कायदे त्या जेवणात शिल्लक आहेत, असं मला वाटतं. जोडकवितेत मागे वळायचं नसतं, सांगितलेलं पुन्हा सांगायचं नसतं. इथेही एक पदार्थ कच्चा, एक भाजलेला, एक रश्शात शिजवलेला, एक तळलेला, एक शिरक्यातला अशी चाल असते. ऋतू तर प्रत्येक वाडग्यात. वसंतात बांबूचे कोंब, शरदात मात्सुताके नावाची अळिंबी, ताटलीच्या कडेला मेपलचं लाल पान. बसण्याचाही क्रम ठरलेला. भिंतीतल्या ज्या कोनाड्यात चित्राची गुंडाळी आणि फूल असतं त्याला तोकोनोमा म्हणतात. त्याच्याजवळची, दारापासून सर्वांत लांबची जागा मुख्य पाहुण्याची. बोलावणारा दाराशी बसतो. आपल्याकडे पाहुणा 'मी इथेच बरा' म्हणत उंबऱ्यापाशी टेकतो. तिथे तसं केलं तर यजमानाची पंचाईत होते.

आमच्या घरी दस्तरखान अंथरला की एका थाळ्याभोवती चौघं बसतात. मराठी पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं. जपानी जेवण पंगतीच्या जवळचं. ज्याचं त्याचं त्याच्यापुढे, पण सुरुवात सगळ्यांची एकदम. 'इतादाकिमास', म्हणजे 'मी नम्रपणे स्वीकारतो', असं म्हणायचं आणि मग काड्या उचलायच्या. आमचं बिस्मिल्लाह आणि पंगतीतला श्लोक यांचंच हे भावंड. काड्यांचे नियम पुष्कळ आहेत, पण दोन पाळलेत तरी पुरे. त्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि काडीतून काडीत घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी तिथे मर्तिकाच्या आहेत.

आता अडचणीचा भाग. या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे 'दाशी' हा पातळ रस्सा. कोम्बू नावाचं समुद्रशेवाळ आणि कात्सुओबुशी यांपासून तो करतात. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा. तो रंध्यावर तासून त्याच्या चकत्या काढतात. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोम्बूतली चव वेगळी काढून तिला 'उमामी' नाव दिलं. त्यामुळे निव्वळ भाजी दिसते तीही बहुधा माशाच्या पाण्यात शिजलेली असते. 'मासे नकोत' एवढंच सांगाल, तर मासा जाईल आणि दाशी राहील.

माझ्यासारख्याची अडचण उलटी. मासा चालतो, पण शिजवताना साके पडते आणि गोडीसाठी मिरीन. मिरीनमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. शिजताना ते उडून जातं, असं कुणी म्हणतं. काहींना ते पटतं, मला पटत नाही. सोया सॉस आंबतानाही थोडं अल्कोहोल तयार होतंच, तिथे मात्र मी हिशेब थांबवतो. बौद्ध मठांचं 'शोजिन' जेवण मासे-मांसाविना, कांदा-लसणाविनाही असतं. पण त्यात कमळाचे कंद आणि मुळं असल्यानं जैन मंडळींना तेही पुरतं चालत नाही.

म्हणून हे सगळं जागा राखतानाच, लेखी आणि नावानिशी कळवायचं. 'आम्ही शाकाहारी' हा शब्द पुरत नाही. दाशी नको, मिरीन नको, असं सांगावं लागतं. जेवायला बसल्यावर सांगून उपयोग नसतो, कारण रस्सा आधीच झालेला असतो.

आम्ही आठजण अशा जेवणाला बसलो होतो. दोघांना नुसत्या कोम्बू-शिताकेची दाशी, माझी साके-मिरीनविना, बाकीच्यांची नेहमीची. आठ लाखी वाडगे आले. सगळ्यांचा रंग तोच, नक्षी तीच, झाकणं तीच. वाढणाऱ्या बाई गुडघ्यांवर बसून ज्याचं त्याच्यापुढे ठेवत गेल्या. कुणाचं वेगळं आहे, हे झाकण उघडल्यावरही दिसेना. पंगतीत वेगळं पान आणि चहाला वेगळा कप म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्या आठ झाकणांची किंमत सांगायला नको.

पिण्याची रीत अशी की आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्यानं भरायचा. रिकामा दिसला की तो भरला जाणारच. तेव्हा नको असेल तर भरलेलाच राहू द्यावा. मी दारू पीत नाही आणि ओतूनही देत नाही. शेजाऱ्यानं माझ्या पेल्यात भाजलेल्या पानांचा होजिचा चहा ओतला, मीही त्याला चहाच ओतला. रीत सांभाळली गेली.

भात, मिसो सूप आणि लोणचं शेवटी येतं. साके तांदळाचीच, म्हणून पिणं चालू असताना भात नको, असं कारण सांगतात. चहाविधीच्या काइसेकीत मात्र भात पहिल्यांदाच येतो. भात आला की समजावं, आता फळ आणि उठणं. उठताना म्हणायचं 'गोचिसोसामा'. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावपळ, म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी सामान जमवत धावलं त्याची ही पोच. बक्षिशी ठेवत नाहीत. यजमान पैसे कधी देतो, हे पाहुण्यांना कळतही नाही. मालकीणबाई दारापर्यंत येतात आणि कमरेत वाकून उभ्या राहतात, मंडळी गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत. तेव्हा वळणावर एकदा मागे पाहून आपणही मान लववावी.